सरासरी काढलेली काठी

"बाबा, मला रविवारी एक बो लागणार आहे," लेक म्हणाली, आणि मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता "आणू की" म्हणून मोकळा झालो. पुढचं सगळं रामायण त्या "आणू की"मुळे घडलं. बो म्हणजे काय हे विचारायचं भान मला आलं तोवर तिने आपल्या खोलीचं दार लावून घेतलं होतं.

बो म्हणजे लढायची जपानी काठी. हे मला बायकोने सांगितलं. आमच्या घरात लेकीच्या बातम्या माझ्यापर्यंत बायकोमार्फतच येतात, आणि त्याही थोड्या शिळ्या होऊन. रविवारी एका मोठ्या सभागृहात मेळावा होता. तिथे म्हणे तरुण मुलं कार्टूनमधल्या पात्रांची सोंगं घेऊन येतात आणि स्टेजवर चढून आपापल्या करामती दाखवतात. लेकीच्या वर्गातल्या तीन मुली एका जपानी मालिकेतल्या चार बहिणी करणार होत्या. चौथी बहीण होणारी मुलगी गालगुंडाने आडवी झाली, म्हणून त्यांनी आमच्या लेकीला विचारलं होतं. चौथ्या बहिणीच्या हातात काठी असते.

आता यात काय मोठंसं, असं कोणालाही वाटेल. पण माझी बदली होऊन आम्ही या गावात आलो त्याला बरेच महिने झाले होते, आणि नव्या शाळेत लेकीला एकही मैत्रीण मिळाली नव्हती. मधल्या सुट्टीत ती लायब्ररीत जाऊन बसते, असं तिच्या बाई मला पालकसभेत म्हणाल्या होत्या. "तिला वाचनाची आवड आहेच," असं मी जरा ऐटीत सांगितलं. त्यावर बाई म्हणाल्या, "पुस्तक उघडलेलं नसतं." त्या दिवसापासून बदलीचा हुकूम काढणाऱ्या साहेबाला मी मनातल्या मनात रोज शिव्या घालत होतो.

"तेव्हा हे नीट पार पडू दे," बायको म्हणाली. "तुम्ही त्यात लक्ष घालू नका. लादी पुसायच्या मॉपचा दांडा आहे, मी त्याला तपकिरी रंग देते. काम झालं."

हे मला लागलं. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे तराजू, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या, दूधवाल्यांची मापं तपासण्यात माझी उमर गेली. माझं नाव काढलं की बाजारपेठेतल्या भल्याभल्यांच्या तराजूचा काटा आपोआप सरळ होतो, निदान मी तसं समजतो. अशा माणसाच्या घरातून मॉपचा दांडा बो म्हणून बाहेर जाणार, हे मला पटेना. मी म्हटलं, "काठी मी करून आणतो. अगदी चित्राबरहुकूम."

"म्हणूनच म्हणत होते, लक्ष घालू नका," बायको म्हणाली.

चित्राबरहुकूम करायची तर आधी चित्र मोजायला हवं. मी मालिका लावली, पट्टी घेतली आणि टीव्हीसमोर स्टूल ओढून बसलो. पडदा थांबवायचा, चौथीची उंची मोजायची, काठी मोजायची आणि त्या प्रमाणात लेकीच्या उंचीला काठी किती येते ते काढायचं. हिशेब साधा होता. पण जपानी चित्रकारांना वजनमापे कायदा लागू नसावा. चौथी पुलावर नुसती उभी असते तेव्हा काठी तिच्या कानाला लागते. तीच काठी ती शत्रूवर उगारते तेव्हा नदीच्या अर्ध्या पात्राला पुरते. चिडली की काठी वाढते, जेवायला बसली की काठी खुंटीएवढी होऊन पाठीमागे मावते. माझ्या हद्दीतल्या दुकानदाराने असा गज वापरला असता तर मी त्याला कोर्टात उभा केला असता.

बघता बघता मी त्या मालिकेचे बरेच भाग पाहिले, आणि माझ्या लक्षात एक गोष्ट आली. या असल्या सिनेमांत आणि कार्टूनांत तलवार कायम नायकाला मिळते. काठी मिळते ती म्हाताऱ्या गुरूला, नाहीतर भावंडांतल्या शांत भावंडाला. तलवारवाल्याला बाप मेल्याचा सूड असतो, प्रेम असतं, पावसातली मारामारी असते. काठीवाला नदीकाठी बसून उपदेश करतो. त्याच्या हातून कोणी मरत नाही, फक्त टाळक्यात ठक्‌ असा आवाज होतो आणि गुंड डोळे फिरवून पडतात. आमची चौथी तर मालिकाभर मिळून चारच वाक्यं बोलते. ती भूमिका त्या मुलींनी आमच्या लेकीला का दिली असेल हे माझ्या ध्यानात आलं आणि मला वाईट वाटलं. मग मी आणखी कसोशीने मोजायला लागलो.

आकड्यांचा ताळमेळ बसेना तेव्हा मी शास्त्राप्रमाणे जे करायचं तेच केलं. सगळ्या मापांची सरासरी काढली. ती पावणेआठ फूट आली.

वरच्या मजल्यावर मास्तर राहतात. ते कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. तरुणपणी त्यांनी थोडे दिवस कराटेचा क्लास काढला होता आणि मारामारीचे जपानी सिनेमे त्यांना तोंडपाठ आहेत, म्हणून सगळी बिल्डिंग त्यांना मास्तर म्हणते. काठीचा विषय त्यांच्या कानावर गेल्यावर ते चहाच्या वेळेला खाली आले.

"पावणेआठ?" मास्तर म्हणाले. "अहो, बो सहा फुटांचा असतो. माणसाच्या डोक्याहून थोडा उंच."

"कशावरून?"

"सगळीकडे तसाच असतो."

"मी मोजलंय," मी म्हणालो. "तुम्ही नुसतं पाहिलंय."

 नुसतं ऐकून घेणं मास्तरांना झेपत नाही. बो कसा धरतात हे दाखवायला त्यांनी आमचा मॉप उचलला, "एक हात असा, एक हात तसा" म्हणत एक गिरकी घेतली आणि आमच्या दिवाणखान्यातली ट्यूब फोडली. काचा गोळा करताना ते म्हणाले, "बघा, हा मॉप पाच फुटांचा असेल. पावणेआठ फुटांत काय होईल याचा विचार करा." तो विचार मी केला नाही. लाकडाला मात्र जवसाचं तेल पाजा, असं ते जाताजाता म्हणाले. तेवढं मी लिहून घेतलं.

सुताराने माप ऐकून विचारलं, "पडद्याचा रॉड ना?"

"नाही. काठी आहे. लढायची."

त्याने माझ्याकडे खालून वर पाहिलं. "कोण लढणार?"

"मुलगी."

"असं," तो म्हणाला आणि लाकूड निवडायला लागला. काठी मात्र त्याने झकास काढली. फक्त दोन्ही टोकांना आपल्या मनाने गोल बोंडं काढून ठेवली, कारण पडद्याच्या रॉडला ती असतातच आणि त्याला माझं बोलणं शेवटपर्यंत खरं वाटलेलं नव्हतं. बोंडं उडवून घेण्यात आणखी एक चक्कर झाली.

काठी घेऊन मी बसच्या रांगेत उभा राहिलो. बस आली. कंडक्टर म्हणाला, "बांबू घेऊन चढायचं नाही."

"हा बांबू नाही. बो आहे."

"तो पण घेऊन चढायचं नाही."

मी त्याला सामानाचा नियम विचारला. तो म्हणाला, सामान सीटखाली मावलं पाहिजे. मी म्हणालो, माझ्या सीटखाली सुरू होईल आणि पुढच्या तीन सीटांखाली संपेल. बसमधली मंडळी हसली आणि बस निघून गेली. मग मी ती काठी खांद्यावर टाकून भर बाजारातून चालत निघालो. ज्या बाजारात मी एरवी सरकारी बॅग घेऊन जातो, तोच बाजार. किराणावाला दुकानातून खाली उतरून नमस्कार करत म्हणाला, "साहेब, आता माप घ्यायला हे नवीन आलं का?" मी मान वळवली, तशी काठीही वळली आणि त्याच्या दारात टांगलेले वेफर्सचे दोन पुडे खाली आले.

लिफ्टमध्ये काठी मावेना, तिरपी केली तरी. जिन्याने नेताना प्रत्येक वळणावर ती भिंतीला टेकून हटून बसायची. दुसऱ्या मजल्यावर मी धापा टाकत तिला कठड्याला लावून जरा टेकलो, तर तिथल्या आजीबाईंनी बाहेर येऊन शांतपणे तिच्यावर ओला टॉवेल वाळत घातला. "बरं केलंस बाबा," त्या म्हणाल्या, "कधीची सांगत होते सोसायटीला, इथे काठी बांधा म्हणून." तो टॉवेल काढून घ्यायला मला फार जड गेलं.

घरात ती उभी राहीना आणि आडवी ठेवली तर स्वयंपाकघराचं दार लागेना. म्हणून बाहेर पॅसेजमध्ये ठेवून मी तिला मास्तरांच्या सल्ल्याप्रमाणे तेल पाजलं. ती तेल प्यायली आणि सगळा मजला तेलाच्या वासाने भरून गेला. दुपारी सेक्रेटरी हजर.

"पॅसेजमध्ये फर्निचर ठेवायचं नाही," ते म्हणाले.

"हे फर्निचर नाही."

"मग काय आहे?"

इथे मी घोळ घातला. प्रामाणिकपणे म्हणालो, "तसं म्हटलं तर शस्त्र आहे."

सेक्रेटरी दोन पावलं मागे सरकले. शस्त्र असेल तर पोलीस चौकीचा कागद आणा, नाहीतर कमिटीपुढे विषय घ्यावा लागेल, असं त्यांनी सांगितलं. सरकारी माणसाला कागद आणा म्हटलं की त्याचे पाय आपोआप चालायला लागतात. मी चौकीत गेलो. हवालदारांनी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, अगदी सरासरीसकट.

"या काठीने कोणाला मारलंय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग ती काठी आहे. मारलंत की शस्त्र होईल. तेव्हा या."

"पण कागद?"

"मारल्यावर कागदच कागद होतील," हवालदार म्हणाले आणि पंख्याखाली जाऊन बसले. कायद्याची इतकी सुटसुटीत व्याख्या मी आमच्या खात्यात कधी ऐकली नाही.

या सगळ्या धामधुमीत काठी जिच्यासाठी होती तिने ती पाहिलीच नव्हती. लेक शाळेतून आली, पॅसेजमध्ये थांबली आणि काठीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. "बाबा," ती म्हणाली, "ही खूप मोठी आहे."

"सरासरी आहे," मी म्हणालो.

 तिने ती उचलली आणि खाली पार्किंगमध्ये गेली, कारण त्या तिघी सरावाला आल्या होत्या. मी बाल्कनीतून पाहत होतो. तिघींतली एक उंच, केस आखूड कापलेली मुलगी सगळ्यांना हुकूम सोडत होती; तिला बाकीच्या कप्तान म्हणत. कप्तानने तलवार काढली, दुसऱ्या दोघींनी आपापले कोयते आणि पंखे उगारले आणि आमच्या लेकीने काठी फिरवली. काठीचं एक टोक स्कूटरच्या आरशाला लागलं, दुसरं कप्तानच्या कोपराला. लेकीने घाबरून हात आवरला तर तीच काठी पंखेवालीच्या पायात अडकली. काठी मुलीला फिरवत होती, मुलगी काठीला नाही. कप्तान कोपर चोळत म्हणाली, "असं नाही होणार. हवं तर आपण तिघीच करू." ती काही दुष्टपणाने म्हणाली नाही. तिला खरंच लागलं होतं.

लेक वर आली. काठी तिने दारातच ठेवली. "मी नाही जात रविवारी," एवढंच म्हणाली आणि खोलीत गेली. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने ते हळू लावलं.

बायको काही बोलली नाही. वीस वर्षांच्या संसारात तिला बोलायला इतकी हक्काची संधी मिळाली नव्हती, आणि तरी ती बोलली नाही, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते मला समजलं. मी बाकावर बसून राहिलो. मला माझी लाज वाटली. एका मुलीला शेजारी उभं राहायला तीन मुली मिळत होत्या, आणि मी तिच्या हातात पावणेआठ फुटांचं अंतर दिलं होतं.

मग मी उठलो आणि मास्तरांकडे जाऊन म्हणालो, "सहा फूट." मास्तरांनी त्यावर भाषण केलं नाही, हे त्यांचे उपकार. फक्त करवत आणून दिली. मेळाव्याचे नियमही मी या वेळी पहिल्यांदाच वाचले. कोणतंही हत्यार सहा फुटांच्या वर चालणार नाही असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. मी माझ्या स्वतःच्या, तपासून शिक्का मारलेल्या टेपने मोजून काठी कापली. बरोबर सहा फूट, केसाचाही फरक नाही. लेकीच्या दाराबाहेर ठेवून दिली आणि दार वाजवून निघून आलो. थोड्या वेळाने आतून भिंतीला काहीतरी ठक्‌ करून लागल्याचा आवाज आला, मग पुन्हा आला. ती फिरवून पाहत होती. बायकोने कप्तानच्या घरी फोन लावला. काय बोलली मला माहीत नाही, पण शनिवारी त्या तिघी पुन्हा आल्या आणि आरसे शाबूत राहिले.

रविवारी सभागृहाच्या दारात हत्यारांच्या तपासणीची रांग होती. माझ्यापुढे कुऱ्हाडी होत्या, भाले होते, कोणाची तरी पुठ्ठ्याची तोफ होती. टेबलामागे ड्रॅगनच्या वेषातला एक तरुण टेप घेऊन बसला होता आणि सशाचे कान लावलेली एक मुलगी आरी घेऊन. जे जास्त भरेल ते ती तिथल्या तिथे कापत होती. टेबलाखाली कापलेल्या तुकड्यांचा ढीग पडला होता.

ड्रॅगनने आमच्या काठीला टेप लावला. "सहा फूट एक इंच," तो म्हणाला. "कापावी लागेल."

मी टेपकडे पाहिलं. कापडी, शिंप्याकडे असतो तसला, पण दुप्पट लांब टेप. पुढचा एक इंच फाटून गेलेला. शून्य नव्हतंच त्याला, तो एकपासून सुरू होत होता. सकाळपासून हा माणूस प्रत्येकाला एक इंच जास्त मोजत होता आणि तो सगळा ढीग निरपराध होता. माझ्या अंगात वीज शिरली. हात आपोआप खिशातल्या ओळखपत्राकडे गेला. असा टेप मी जागेवर जप्त करू शकतो. पंचनामा करायचा, दोन साक्षीदार घ्यायचे. ससा होता, आणि मागे रांगेत एक रोबोटही होता.

"मी वजनमापे खात्यातून..." मी सुरुवात केली.

"काका, लाइन खोळंबलीय," ड्रॅगन म्हणाला.

तेवढ्यात आतून लाउडस्पीकरवर आमच्या चौघींचा पुकारा झाला. "दुसरा पुकारा झाला की नंबर जातो," कप्तान म्हणाली. तिघी आतल्या दाराकडे पाहायला लागल्या. लेक मात्र दाराकडेही पाहत नव्हती आणि टेपकडेही. ती माझ्याकडे पाहत होती. टेप खोटा आहे हे तिला कळलं होतं. माझी मुलगी आहे ती. मी आता काय करणार हेही तिला ठाऊक होतं. म्हणूनच तिचा चेहरा पार्किंगमधून वर आली होती तेव्हा होता तसा व्हायला लागला होता.

माझी काठी बरोबर होती. मी बरोबर होतो. सरकार माझ्या बाजूने होतं.

"कापा," मी म्हणालो.

सशाने आरी लावली. एक इंच टेबलाखाली पडला. चौघी धावत आत गेल्या आणि ड्रॅगनने तोच टेप मागच्या भाल्याला लावला. मी दुसरीकडे पाहिलं. मला फार त्रास झाला, हे कबूल करतो. नोकरीत कोणी पाकीट पुढे केलं तरी मी कधी नजर फिरवली नव्हती.

आत जाऊन मी मागे उभा राहिलो. चौथीच्या चार वाक्यांपैकी एकही या प्रसंगात येत नाही, त्यामुळे लेकीला वाक्य नव्हतं. तिने काठी फिरवली, चांगली फिरवली, आणि ऐन मोक्याला ती हातातून निसटली.  कप्तानने ती पायाने उचलून तिच्याकडे फेकली आणि लेकीने झेलली. लोकांना ते मुद्दाम बसवलेलं वाटलं आणि टाळ्या पडल्या. बक्षीस पुठ्ठ्याच्या तोफेला मिळालं.

बाहेर आल्या तेव्हा चौघी घामाघूम होत्या आणि एकाच वेळी बोलत होत्या. लेकही बोलत होती. मी बाजूला, कोणाच्या मध्ये न येता उभा होतो. कप्तान माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, पुढच्या वेळी माझी तलवार कराल का तुम्ही? माझी वाकली."

मी घसा साफ करून काही बोलणार, तोच लेक म्हणाली, "अजिबात सांगू नकोस त्यांना. टीव्हीसमोर स्टूल घेऊन बसतील." आणि मग तिने माझी नक्कल केली. पाठ वाकवली, डोळे बारीक केले, हवेत पट्टी धरली आणि माझ्याच आवाजात म्हणाली, "थांब, हलू नकोस, सरासरी काढतोय." हुबेहूब केलं. कप्तान हसता हसता खाली बसली. बाकीच्या दोघी एकमेकींना धरून हसत होत्या. रांगेतली मंडळी मला पाहून घेत होती.

आजवर ती माझ्यावर एकटीच चिडायची. आता माझी टिंगल करायला तिला तिघी मिळाल्या होत्या. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी येईल की काय अशी भीती वाटली. पण मी तोंड पाडून, पुरता अपमान झाल्यासारखा उभा राहिलो, कारण मी हसलो असतो तर त्यांची मजा गेली असती.